परत आलेला चिवडा

दर रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला विश्वेश वाचायला बसायचा, आणि तो वाचायला बसला आहे हे अर्ध्या नाशिकला कळायचं.

टांझानियातल्या अरुशा शहराबाहेर, एका निवासी शाळेत तो गणित शिकवत होता. फोटो ठरलेला असे. लाल फरशीचा व्हरांडा, वेताची खुर्ची, खुर्चीच्या हातावर पालथं घातलेलं पुस्तक, शेजारी चहाचा मग, आणि मगाला टेकून घरचा स्टीलचा डबा, झाकण जरा तिरकं ठेवलेला. खाली ओळी: ‘परमुलखात माणसाला लागतं तरी काय? आपल्या भाषेतलं पुस्तक, बायकोच्या हातचा चिवडा आणि थोडी निवांत सकाळ.’ त्याच्या आई, गोदावरीबाई, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये चष्मा पुसून पुसून ते मोठ्याने वाचायच्या, आणि मग फोन करून देवपूजेत असलेल्या नातेवाइकांनाही उठवायच्या.

त्याच्या बायकोला, वल्लरीला, त्या निवांतपणाची शिसारी आली होती. एक तर पुस्तकं तिची. मराठीत एम.ए. करताना रिक्षाचे पैसे वाचवून, पायी जाऊन घेतलेली. “तुला आता कुठे वेळ मिळतोय?” असं म्हणत त्याने त्यातली बारा बॅगेत घातली होती. वेळ नव्हता हे खरंच होतं. आल्हाद झाल्यापासून तीन वर्षांत तिने खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला कागद सोडून काही सलग वाचलं नव्हतं. हवा बदलली की पोराची छाती शिट्टी वाजवायची. मग ती त्याचा बनियन वर करून बरगड्यांकडे बघत बसायची, मिनिटाला श्वास किती ते मोजत.

बघायची सवयच लागली होती तिला. विश्वेशचे फोटोसुद्धा ती दोन बोटांनी मोठे करून बघायची. जानेवारीत पुस्तक ज्या पानावर पालथं होतं, त्याच पानावर ते मार्चमध्येही होतं. चहावर जाड साय धरलेली. आणि डब्याचं झाकण तिरकं असून आतला चिवडा कधी दिसायचा नाही.

“वाचतोय म्हणे!” ती भांडी घासणाऱ्या कुसाबाईंना म्हणाली. “एवढ्या दिवसांत वाळवीनेसुद्धा अर्धं पुस्तक संपवलं असतं.”

“आवो ताई, बाप्यांचं वाचन फोटूपुरतंच,” घोटीकडच्या कुसाबाई म्हणाल्या. “आमचा तर पेपर तोंडावर घिऊनच घोरतो.”

हा तिरस्कार नुसता तोंडी लावण्यापुरता राहिला असता, पण फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लटकत होता. ‘कर्मचारी कुटुंबासह किमान दोन वर्षे राहील.’ खाली दोन सह्यांच्या जागा. विश्वेशची सही झालेली. दुसऱ्या ओळीवर वल्लरीने सही करायची आणि फॉर्म प्रतिभाबरोबर पाठवायचा. प्रतिभा देवळाली कॅम्पची, त्याच शाळेत शिकवणारी, सुट्टीला आली होती आणि गुरुवारी परत निघणार होती.

“इथली हवा देवळालीसारखी आहे गं,” विश्वेश सांगायचा. “आल्हादचा खोकला पळून जाईल. माझे फोटो बघतेस ना तू?”

“बघते,” ती म्हणायची.

गोदावरीबाईंनी तर मुहूर्तही काढून ठेवला होता. “नवरा तिकडे स्वर्गात बसलाय आणि ही इथे नेब्युलायझर धूत बसलीय,” असं त्या भिंतीला उद्देशून म्हणायच्या.

त्या रविवारी दुपारी प्रतिभा आली, ती विश्वेशने परत पाठवलेले तीन डबे घेऊन. जानेवारीत तीच ते इथून भरून घेऊन गेली होती. डबे जड होते.

“बघ!” गोदावरीबाईंनी छाती फुगवली. “रिकामा डबा कुणाला परत करू नये, हे मी त्याला शाळेच्या डब्यापासून शिकवलंय. आफ्रिकेत जाऊनही विसरला नाही पोरगा.”

पहिल्या डब्यात तिकडची कॉफी निघाली, दुसऱ्यात काजू. तिसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी होती. गोदावरीबाईंनी तिची गाठ सोडली, चिमूटभर तोंडात टाकलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

“चिवडा! अगं, चिवडा करायला शिकला गं माझा विश्वेश! खोबरं जरा खवट लागतंय, पण तिकडचं खोबरं तसंच असणार. पोहे मात्र छान भाजलेत.”

कुसाबाई ओल्या हाताने पुढे आल्या, वास घेतला आणि मागे सरल्या. “ह्यो तर आपलाच चिवडा हाय. म्या भाजलेलं पोहं म्या वळखायची नाय व्हय?”

“काहीतरीच काय! तू गप्प बस गं.”

वल्लरी चिवड्याकडे बघतच नव्हती. टेबलावर पडलेली रिबीन तिने उचलली. पिवळी, आल्हादच्या बाळमोज्यांची. जानेवारीत हाताशी दोरा सापडला नाही म्हणून तिने ती बांधली होती, दोन वेढे आणि वर फूल. सासूबाईंनी आत्ता सोडेपर्यंत ते फूल शाबूत होतं. म्हणजे दर रविवारी बायकोच्या हातचा चिवडा खाणाऱ्या या रसिकाने गाठसुद्धा सोडली नव्हती.

तिला हसू आलं आणि लगेच शंकाही. चिवडा खोटा, वाचन खोटं, मग हवा तरी खरी कशावरून? तिने फोनवर विश्वेशचा रविवारचा फोटो उघडून प्रतिभासमोर धरला.

“प्रतिभा, हा व्हरांडा कुणाचा?”

प्रतिभाने फोटो पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला. “सर बोलले नाहीत का वहिनी?”

“काय?”

“ते क्वार्टर रिकामंच आहे. फॅमिलीवाल्यांना मिळतं. चावी वॉचमनकडे असते, सर रविवारी थोडा वेळ जाऊन बसतात. राहायला ते होस्टेलवर असतात, मुलांबरोबर. वॉर्डनची ड्यूटी आहे ना.” मग घाईने म्हणाली, “पण माणूस चांगला आहे हो तुमचा. मुलांचा फार जीव आहे त्यांच्यावर.”

“मुलांचा असेलच,” वल्लरी म्हणाली.

तिने तिथेच, सगळ्यांसमोर व्हिडिओ कॉल लावला. विश्वेश कॉलर नीट करत पडद्यावर आला. मागे फक्त पांढरी भिंत.

“अरे वा, डबे पोचले वाटतं!”

“पोचले. कॅमेरा फिरव जरा. झोपतोस कुठे ते दाखव.”

“आत्ता? अगं पसारा आहे…”

“पसाराच दाखव.”

त्याने फिरवला. लोखंडी दुमजली पलंगांची रांग, वाळत घातलेले गणवेश, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली एक खाट. खाटेवर तपासायच्या वह्यांचा ढीग. खाटेखाली पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेवर तिची बारा पुस्तकं, सुतळीने बांधलेली, जशी नाशिकहून निघाली तशीच. वरचं एक तेवढं सुटं.

“चाळीस मुलं आहेत गं,” तो म्हणाला. “डबा उघडला की चाळीस हात पुढे येतात. म्हणून तो ट्रंकेतच राहिला, फोटोपुरता बाहेर यायचा. आणि रिकामा परत कसा पाठवायचा? आईला चालत नाही.”

गोदावरीबाई चावायच्या थांबल्या.

“म्हणून माझाच चिवडा मला आहेर केलास,” वल्लरी म्हणाली.

“चेष्टा करू नकोस. तुम्ही आलात ना की ते क्वार्टर आपलं. तुझ्या सहीवर अडलंय सगळं. मग तो व्हरांडा आहे, खुर्ची आहे. तूही वाचशील निवांत.”

क्षणभर तिला ती खुर्ची दिसली, स्वतःसकट. मांडीवर पुस्तक, आणि ते खरोखर वाचलं जाणारं. मग आतल्या खोलीत आल्हाद खोकला. एकदा, दोनदा. ती तिसऱ्याची वाट बघत थांबली. तो आला नाही.

“दवाखाना किती लांब आहे तिथून?” तिने विचारलं.

“जवळच आहे.”

“प्रतिभासमोर सांग.”

प्रतिभा कपाकडे बघत राहिली.

“तासभर,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे शाळेची गाडी मिळाली तर.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तू ना, नेहमी वाईटच बघतेस.”

“मी फोटो बघत होते, विश्वेश. तू दाखवलेले.” तिचा आवाज चढला नव्हता. “तीन वर्षांच्या पोराला खुर्चीच्या मोबदल्यात नेणार होतास तू. तुला घरी यायचं असेल तर ये. खाट इथेही आहे, आणि तिला पडदा लावावा लागत नाही.”

वल्लरीने फोन ठेवला. गोदावरीबाईंनी तोंडातला घास कागदावर काढला.

“खवट आहे,” त्या म्हणाल्या. तिकडच्या खोबऱ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गुरुवारी सकाळी प्रतिभा निरोप घ्यायला आली, तेव्हा कुसाबाईंनी भाजलेल्या ताज्या पोह्यांचा वास जिन्यापर्यंत गेला होता. वल्लरीने फ्रिजवरचा फॉर्म काढला, सही न करता घडी घातली आणि पाकिटात सरकवला.

“हे त्याला दे. आणि पुस्तकं पुढच्या सुट्टीत घेऊन ये. सुतळी सोडू नकोस, नाहीतरी कुणी सोडलेली नाही.”

“आणि हा डबा? सरांना?”

डब्यात चिवडा गच्च भरला होता, आणि पिशवीला पिवळी रिबीन, दोन वेढे आणि वर फूल.

“छे. तो तुझा,” वल्लरी म्हणाली. “गाठ सोड आणि पोटभर खा. त्याला फोटो पाठव.”