दुसऱ्याचा मस्कारा

मळवलीच्या बंगल्यावर पाहुणे येत आणि जाताना काही ना काही विसरून जात. बंगल्याची देखभाल करणारी नंदाबाई ते सगळं जपून ठेवी. कुणी मागायला आलंच नाही, तर मालकीणबाई म्हणत, "ठेव तुलाच." तिच्या घरातली निम्मी चैन अशी लोकांच्या विसरभोळेपणावर चाले, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता.

लेक राजेश्वरी हिची लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखत ठरली. नंदाबाईनं आदल्या दिवशीच कपाटातून एका पाहुणीचा राहिलेला सोनेरी झाकणाचा मस्कारा काढला. आतून तो पार वाळला होता. घरचं काजळ सुकलं की ती खोबरेलाचा थेंब घाली; इथंही तिनं तेच केलं.

"आई, दुसऱ्या कुणीतरी डोळ्याला लावलाय तो. कधी उघडलाय तेही माहीत नाही. मी नाही लावणार."

"पुण्याच्या मोठ्या घरची बाई व्हती ती. तिला काय रोग व्हता व्हय?"

राजेश्वरी ऐकेना. मग नंदाबाईही हट्टाला पेटली. काही होत नाही हे लेकीला दाखवायचं म्हणून तिनं तो स्वतःच लावला, संध्याकाळभर मिरवला आणि न धुताच झोपली.

सकाळी उजवा डोळा लाल होऊन चिकटून बसला होता, आणि मुलाखत त्याच दिवशी.

"तू जा गं. मी जाते दवाखान्यात एकटी," नंदाबाई म्हणाली.

राजेश्वरीनं हॉटेलात फोन लावला. आईला डॉक्टरकडे नेऊन दुपारी आले तर चालेल का, असं सरळ विचारलं. पलीकडून "बघू, या," एवढंच उत्तर आलं. आपल्या हट्टापायी पोरीची नोकरी घालवली, हे नंदाबाईच्या मनातून जाईना.

कामशेतच्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले. "डोळा चोळू नका. आणि मावशी, मस्कारा उघडला की तीनेक महिन्यांत टाकायचा. त्यात तेलपाणी घालायचं नाही, झोपताना धुवायचा, आणि एकाचा दुसऱ्यानं लावायचा नाही." नंदाबाईनं दाखवायला आणलेला मस्कारा पिशवीतून काढला. तो तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात गेला.

दुपारी राजेश्वरी मुलाखतीला गेली ती डोळ्यांना काहीच न लावता. नंदाबाई बाहेर एका डोळ्यानं दाराकडं बघत बसली.

"सोमवारपासून यायला सांगितलंय," बाहेर येऊन लेक म्हणाली. "सर म्हणाले, अडचण वेळेवर सांगितलीत ते बरं केलंत. इथं निम्मं काम तेच असतं."

नंदाबाईला रडू फुटलं. "आता डोळा पुसू नकोस," म्हणत राजेश्वरी तिला बाजारात घेऊन गेली. तिथं तिनं तारीख वाचून दोन नवे मस्कारे घेतले. "एक तुझा, एक माझा. अदलाबदल नाही."

नंदाबाई तिथंच नखानं वेष्टण सोलायला लागली.

"आत्ता नको आई. उघडलास की त्याचे दिवस सुरू होतात. डोळा बरा होऊ दे."

नंदाबाईनं हात आवरला. आजवर तिच्या घरात आलेली चैनीची प्रत्येक वस्तू आधी दुसऱ्याच कुणीतरी उघडलेली असे. ही तिनंच उघडायची होती, तिला वाटेल त्या दिवशी.