आठ कुलपांची गल्ली

प्रियदर्शनीने निबंधाच्या पहिल्याच पानावर आडवी रेघ मारली. सकाळपासूनची ही तिसरी. विषय होता ‘स्थलांतर : आजच्या जगापुढचा प्रश्न’. बुडालेल्या बोटी, छावण्या, परिषदा, टक्केवारी, सगळं तोंडपाठ होतं. पण सांगलीच्या क्लासमधल्या सरांनी मागच्या सरावाच्या पेपरवर लाल शाईत विचारलं होतं, ‘माहिती भरपूर. यात माणूस कुठे आहे?’ माणूस शोधायचं त्राण आता तिच्यात उरलं नव्हतं. परवा स्पर्धा परीक्षेचा पेपर होता, तिचा पाचवा आणि शेवटचा प्रयत्न. पुढे वय आडवं येणार होतं. चारही वेळा निबंधानेच घात केला होता.

तिची आई जाईबाई रांगोळीचा डबा घेऊन उंबऱ्यात टेकली. तिचा गुडघा टम्म सुजला होता.

“कशावर लिव्हतीस गं?”

“माणसं घरदार सोडून का जात्यात, त्याच्यावर.”

“पोटासाठी जात्यात. त्याला तीन तास कशाला पायजेत?”

जगापुढचा प्रश्न आईने बसल्या जागी निकालात काढला होता. प्रियदर्शनीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

“आण तो डबा. आज मी जाते. तू बस.”

गल्लीत घरं नऊ, त्यातली आठ बंद. माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला तमिळनाडूत, केरळात गेलेली. जत्रेला तेवढी कुलपं निघायची. दुमजली, रंग दिलेली घरं, आणि आठही किल्ल्या जाईबाईच्या कनवटीला. घरं ओसाड दिसू नयेत म्हणून ती रोज आठही दारांत सडा टाकायची, रांगोळी काढायची. वीस वर्षं आई हे करत होती, आणि परीक्षेच्या मागे लागल्यापासून लेक त्या सड्याचा आवाज नको म्हणून तेवढ्यापुरती खिडकी लावून परदेशातल्या निर्वासितांचे आकडे पाठ करत होती. प्रियदर्शनीला स्वतःचीच चीड आली. आठव्या दारापर्यंत तिची कंबर भरून आली.

घरी येऊन तिने बादली पालथी घातली.

“आई, आपल्या दारात का न्हाई रांगोळी काढत कवा?”

“आपल्यात माणूस हाय की. तू दिवसभर मोठ्यानं वाचतीस, समद्या गल्लीला ऐकू जातं. तू नोकरीला गेलीस की काढीन.”

“मी कुठली जातीय? चारदा नापास झालेली.”

आई गुडघ्याला तेल चोळत राहिली. प्रियदर्शनीने कोरं पान पुढे ओढलं. ‘आमच्या गल्लीत आठ घरांना कुलूप आहे,’ असं लिहिलं. पुढची चार पानं तिला कुठे अडायला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याच्या एसटीसाठी निघाली. आईने दरवेळेसारखी तळहातावर दहीसाखर ठेवली.

“नीट लिव,” एवढंच म्हणाली.

वळणापर्यंत गेल्यावर पाण्याची बाटली राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं. ती मागे फिरली आणि जागीच थांबली.

आई सुजलेला पाय लांब सोडून खाली बसली होती. दारात सडा टाकून झाला होता. चिमटीतून पांढरी रेघ सावकाश सुटत होती, आपल्याच उंबऱ्यापुढे.

प्रियदर्शनीने हाक मारली नाही. बाटली न घेताच ती एसटीकडे चालू लागली.