राखीव

बाकाच्या टोकाला हातमोजे ठेवायची धाकटीची ठरलेली जागा. आज रिकामी.

धाकटी कारखान्यात बॅगा शिवते. थोरली टपाल कचेरीच्या खिडकीत बसते. सुट्टीच्या दिवशी मुलींच्या फुटबॉल संघाची कोच.

धाकटी तिला घरी म्हणते ‘ताई, तू’. मैदानावर ‘मॅडम, तुम्ही’. कोच बहिणीला झुकतं माप देते, असं कुणी म्हणू नये म्हणून.

नेहमीच्या गोलकीपरचा पाय मुरगळला. वर्षानुवर्षं बाकावर बसलेली धाकटी, जिला सगळ्याच ‘राखीव’ म्हणत, अंतिम सामन्यात गोलमध्ये उभी राहिली.

आणि समोरून आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला.

थोरली धावत पोचली. “हलू नकोस. मान दुखतेय?”

“नाही.”

“सामना कुणाशी?”

“गिरणीवाल्यांशी.”

“स्कोअर?”

“शून्य-शून्य.”

सगळं बरोबर. धाकटी उठली, कपडे झटकले. “ताई, तू हो ना बाजूला. खेळू दे.”

थोरली थबकली. मैदानावर धाकटीच्या तोंडून ‘ताई’ कधीच निघालं नव्हतं.

“चल बाहेर.”

“अहो मॅडम,” कॅप्टन ओरडली, “उत्तरं दिली की तिने! चिडून निघालं असेल तोंडातून.”

“चिडली की उलट जास्तच मॅडम-मॅडम करते ती.”

“मग आता राखीवची राखीव कुठून आणू?”

“हातमोजे तू घाल.”

“शुद्ध तरी गेली का माझी?” धाकटी म्हणाली.

“जावी लागत नाही. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवसाचा खेळ संपला.”

“अशी संधी परत कधी मिळणार गं मला?”

थोरली खाली वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

डॉक्टर म्हणाले, “आज एकटीला सोडू नका. उलटी झाली, डोकेदुखी वाढली, हाक मारूनही नीट जागी झाली नाही, तर लगेच घेऊन या. बरं वाटलं तरी घाई नको. आधी चालणं, मग पळणं. मी तपासल्याशिवाय गोलमध्ये नाही.”

संध्याकाळी थोरली अंथरुणापासून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा अंथरुणाशी.

“बस ना एका जागी! बघून गरगरतंय मला.”

“गरगरतंय? खरंच?”

“अगं, बोलायची पद्धत!” धाकटी हसली, मग तिने डोकं धरलं. “धडक आठवतच नाही बघ. मी पुढे कशाला आले होते?”

“उद्या सांगते. डोळे मीट.”

धडक बसली तेव्हाही चेंडू तिने सोडला नव्हता.