भायाचा श्वास

भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात त्यांच्या तोंडाकडं कुणी वर मान करून बघत नाही. मला मुंजाबाभायांच्या वहाणा ओळखू यायच्या, चेहरा नाही.

मी वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथल्या प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये मला एक मास्क मिळाला होता. आरपार दिसणारं प्लास्टिक, वर फुंकायला नळी. बुडालेल्याच्या नाकातोंडावर दाबून धरायचा आणि नळीतून श्वास द्यायचा. तो माझ्या पिशवीतच असायचा. नवरा चिडवायचा, "आली डाक्टरीणबाई!"

पोळ्याला पिशोरला, सासरी गेलो, तेव्हा शेततळ्यात पडलेलं मेंढरू काढताना काठावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून भायांचा पाय घसरला. लोकांनी बाहेर काढलं आणि अतिशहाण्यांनी पालथं घालून पाठ दाबायला घेतली.

"उताणं करा त्यांना!" मी ओरडले.

"तू हात नको लावू, पोरी," सासरे म्हणाले. "भाया हाय तुझा."

माझं डोकंच फिरलं. "मान राखायला आधी माणूस तर राहू द्या!" मी म्हणाले आणि मास्क लावला.

मी फुंकलं की छाती वर यायची, तोंड काढलं की खाली बसायची. मध्येच छाती दाबायची, पुन्हा फुंकायचं. प्लास्टिकखालचा तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारी माझी जाऊ, भायांची बायको सुगंधाबाई, पुटपुटत होती, "आला, आला."

ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर तपासून म्हणाले, "थांबा बाई आता. गेले ते."

मी थांबले. जाऊबाईनं माझं मनगट धरलं. "छाती हालत व्हती. तू थांबलीस म्हून गेले."

"आक्का, तो माझा श्वास होता."

"मंग तुझाच दे. आजून एकदा."

डॉक्टरांनी मान फिरवली. मला लई भीती वाटली, मढ्याची नाही, तिची. तरी वाकले आणि फुंकलं. छाती वर आली. जाऊबाईनं छातीवर हात ठेवला आणि हसून सगळ्यांना म्हणाली, "बगा."

मग छाती खाली बसली. हात तसाच ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी नवऱ्यानं मला ओढून बाजूला नेलं.

सणावाराला अजून पिशोरला जावं लागतं. चूल विझत आली की मी फुंकायला वाकते. तेवढ्यात जाऊबाई हातातलं काम टाकते आणि भिंतीवरच्या भायांच्या फोटोकडं बघते.