मशीनवर आहे

सगळा घोळ टेलरबाईंच्या नवऱ्यामुळे झाला. माणूस वाईट नाही, पण बोलण्यात महाकंजूष. जन्मभर टपाल वाटलं, म्हणजे दुसऱ्यांचे शब्द घरोघर पोचवले आणि स्वतःचे मात्र खिशात ठेवले. फोन वाजला की तो उचलायचा, "ती मशीनवर आहे" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. अख्ख्या गल्लीला त्याचा अर्थ ठाऊक होता. बाई शिवायला बसल्यात, नंतर या.

पण अलीकडे घरात दुसरं मशीन आलं होतं.

ते का आलं, ते आधी सांगायला हवं. बाई घोरायच्या. साधंसुधं नाही, पलीकडचा शेजारी भिंत ठोकायचा. बरं, घोरणं चालू असलेलं परवडलं, ते थांबलं की नवऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं. मध्येच सगळं चिडीचूप, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तशा बाई आचका देऊन श्वास घ्यायच्या. सकाळी डोकं जड, आणि दिवसा शिवता शिवता डुलकी. एकदा सुई नखातून आरपार गेली, तेही त्यांनी चिंधी बांधून निभावून नेलं. नाक कापलं गेलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बँडवाल्यांचे गणवेश शिवताना डुलकीत त्यांनी एका पँटचा पाय खालून शिवून बंद करून टाकला. वाजवायला निघायच्या घाईत ढोलवाल्यानं त्यात पाय घातला आणि गडी ढोलासकट आडवा झाला. गल्ली हसून हसून दमली. बाई हसल्या नाहीत, त्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि सांगितलं, "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास थांबतो आणि मेंदू दचकून तुम्हाला उठवतो. रात्रभर हेच. तुम्ही झोपत नाही बाई, नुसत्या आडव्या होता."

झोपताना नाकावर मास्क लावायचं पहिलं मशीन दिलं, ते एकसारखा वारा सोडायचं. श्वास घेताना ठीक, पण सोडायचा म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. बाईंनी ते दोनदा फेकलं आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आदळलं. मग हे दुसरं आलं. हे श्वास घेताना जोरात ढकलतं आणि सोडताना हात सैल करतं. "अस्सं! शिलाई मशीनसारखंच, वरच्या दोऱ्याचं टेन्शन वेगळं, खालच्याचं वेगळं," बाई म्हणाल्या. "मग हे आधीच का नाही दिलंत?" मास्कच्या पट्ट्यांनी गालावर वळ उठायचे, म्हणून त्यांनी पट्ट्यांना फ्लॅनेलचे अभ्रे शिवले, तेही गुलाबी. थोड्याच दिवसांत त्यांना पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवता येऊ लागला. इतकी वर्षं त्या चष्म्याला शिव्या घालत होत्या, बिचाऱ्या चष्म्याचा काही दोष नव्हता.

तर त्या दिवशी सकाळी नणंदबाईंचा फोन आला. वहिनीचा श्वास अडकतो, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"वहिनी कशी आहे रे?"

"मशीनवर आहे," नवरा म्हणाला. बाई त्या वेळी बँडवाल्यांच्या नव्या कोटाची कॉलर बसवत होत्या.

"अगं बाई! बोलते का?"

"मशीनवर असली की बोलत नाही." खरंच होतं. बाईंच्या तोंडात टाचण्या असायच्या.

"मग कधीपर्यंत...?"

"संध्याकाळपर्यंत तरी काही खरं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

आता डॉक्टरांचं नाव आलं म्हणून नवऱ्यानं इमानदारीत श्वासाच्या मशीनचं उत्तर दिलं. "आता जन्मभर मशीनच, म्हणाले."

"मी निघाले!"

"ये," म्हणाला आणि फोन ठेवला.

नणंदबाई गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या त्याच रडत. सोबत मोबाइल दुरुस्तीचं काम करणारा त्यांचा मुलगा आणि संत्र्यांची पिशवी. वाटेत जो भेटला त्याला सांगत आल्या, "वहिनी मशीनवर आहे हो! संध्याकाळपर्यंत काही खरं नाही!" दारात पोचेपर्यंत मागे निम्मी गल्ली गोळा झाली होती. आणि आत बघतात तो काय, वहिनी तोंडात टाचण्या धरून खाडखाड पायडल मारतेय.

कोणीही म्हटलं असतं, देवा, वाचवलंस! नणंदबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे रडले ते फुकटच की."

बाईंनी टाचण्या कापसाच्या इवल्या गादीत खोचल्या. नवऱ्याकडे असं पाहिलं की तो संत्री ठेवायच्या निमित्तानं आतच गेला. झाला घोळ बाईंनी गल्लीला समजावून सांगितला, दोघं-चौघं हसली, पण गेलं कोणी नाही. एकीनं हळूच विचारलं, "माझा फ्रॉकचा कपडा न कापता असला तर देता का परत? घाई नाही, पण आपलं..." मागोमाग दुसरीलाही तिचं कापड आठवलं. बाई कपाट उघडून गठ्ठे देत राहिल्या. कान तापले, पण हात थांबला नाही.

"मी काय म्हणते," नणंदबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या, "आजार तो आजार. बंद कर हे दुकान, आराम कर. पुढची खोली याला दे. घरातली जागा घरात राहील."

मुलगा तोवर नजरेनं भिंती मोजत होता. "मामी, इथे काउंटर मस्त बसेल."

"बसेल ना. मी उठल्यावर," बाई म्हणाल्या. "आणि मी उठत नाहीये."

तेवढ्यात बँडमास्तर आले. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती. टोपी हातात, नजर जमिनीवर. "बाई, गैरसमज नको. पण कार्यक्रम तोंडावर आलाय. कापड परत मिळालं तर... त्या खेपेचं तुम्हाला माहीतच आहे. ढोलवाला अजून पँट घालताना आधी हात घालून बघतो."

हा घाव बसला. कारण खोटा नव्हता. बँडचं काम गेलं असतं तर त्यामागून शाळेचं गेलं असतं, हॉटेलच्या वेटरांचं गेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीत भाच्याचं काउंटर उभं राहिलं असतं. बाईंना रडू आलं आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तो पाय मी शिवला. मीच. पण कधी? श्वासाचं मशीन नव्हतं तेव्हा! तेव्हा मी आजारी होते आणि तुम्ही सगळे बिनघोर कापड आणून टाकत होता. आता मी चांगली झाले तर कापड काढून न्यायला आलात?"

मास्तर टोपी फिरवत राहिले.

"हळू बोल गं," नणंदबाई कुजबुजल्या. "बाईमाणूस घोरतं, नाकाला सोंड लावून झोपतं, हे काय दवंडी पिटण्यासारखं आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकतात, ताई. नाक झाकलं तर माणूस मरतं."

"अगं, आमची आई नाही का घोरायची? तिनं कुठे मशीन लावलं? घोरता घोरता शांतपणे गेली. लोक म्हणाले, झोपेत मरण यायला भाग्य लागतं."

"मला नको ते भाग्य!" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की दारातली माणसं मागे सरली. "मला जागेपणी मरायचंय. म्हातारी होऊन, खणखणीत भांडून. झोपेत कोणी माझा गळा दाबावा आणि तुम्ही त्याला भाग्य म्हणावं? होय हो, सासूबाईंना विचारलं होतं का कोणी?"



बाईंची दुपारच्या झोपेची वेळ झालीच होती. दुपारी पाठ टेकली तरी मास्क लावायचा, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. रोज त्या आतल्या खोलीत दार लावून झोपायच्या. त्या आत गेल्या, पण मशीन उचलून बाहेर घेऊन आल्या. इस्त्रीचा प्लग काढला, त्या जागी त्याचा लावला. दुकानाच्या काचेवरचा पडदा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरकवून उघडला, अगदी कडीपर्यंत. कटिंगच्या टेबलावर बँडवाल्यांचं लाल कापड होतं, त्याची घडी करून उशाशी घेतली आणि टेबलावरच आडव्या झाल्या.

"वहिनी! रस्त्यावरून दिसतंय सगळं!"

"दिसू दे. सगळ्यांना बघायचंय ना, मी कुठल्या मशीनवर आहे?" मग मास्तरांना म्हणाल्या, "बसा. उठल्यावर तुमच्यासमोर बाही लावते. वाकडी लागली तर कापड घेऊन जा."

त्यांनी गुलाबी पट्ट्या डोक्यावरून ओढल्या, नाकावर मास्क बसवला आणि बटण दाबलं. काचेला नाकं चिकटली होती, त्यांतलं एक शाळेच्या शिपायाचं होतं. बाईंनी त्याला हात हलवून दाखवला आणि डोळे मिटले. वारा आला, गेला. आला, गेला. लाज वाटेल म्हणून त्यांनी जरा वाट पाहिली, पण आली ती झोपच.

जाग आली ती घोरण्याच्या आवाजानं. जुन्या सवयीनं बाई दचकल्या, मग लक्षात आलं, आपलं तोंड बंद आहे. दारात त्यांचा नवरा स्टुलावर बसला होता आणि चक्क बोलत होता. गल्लीला सांगत होता, "घेताना जास्त, सोडताना कमी. समजलं? मी किती रात्री जागलोय, तुम्हाला काय माहीत? मी मोजत बसायचो हो, आता श्वास घेईल, आता घेईल..." बाईंनी त्या माणसाच्या तोंडून एवढी वाक्यं लग्नानंतर ऐकली नव्हती. त्या तशाच पडून ऐकत राहिल्या.

मग त्यांनी मास्क काढला, उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि मास्तरांसमोर कोटाची बाही लावायला घेतली. मास्तर वाकून बघत होते. बाहीचा गोल खांद्याला कुठेही चुणी न पडता बसला. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं आणि हातातली टोपी डोक्यावर ठेवली.

"पँटचे पाय तेवढे उघडे ठेवा," ते म्हणाले.

"दोन्ही ठेवते."

आणि एकाएकी घोरणं थांबलं.

खोलीभर शांतता झाली. बाईंच्या पायाखालचं पायडल आपोआप थांबलं. खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून नणंदबाई झोपल्या होत्या, आणि त्यांची छाती हलत नव्हती. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. नवरा स्टुलावरून उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई कोट टाकून धावल्या. त्यांनी नणंदेचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "ताई! ए ताई! उठा! एवढ्यात भाग्यवान व्हायचं नाही!"

नणंदबाईंनी आचका देऊन श्वास घेतला, डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं आणि पदर सावरत आधी भांडायलाच सुरुवात केली. "काय झालं? काय बघताय? मी काही घोरत नव्हते!"

"नव्हतीस," तिचा भाऊ म्हणाला. "थांबली होतीस."

नणंदबाईंनी भावाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मशीनकडे. तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्यानं उचलला, तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून थबकला.

बाई पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. "सांगा की," त्या म्हणाल्या. "आणि विचारलं कुठल्या, तर म्हणावं येऊन बघा. पडदा उघडाच आहे."