मूळ प्रत काचेत

नियाजभाई शिकलगार स्टेशनच्या दगडी कमानीखाली बसून प्रवाशांच्या बॅगांची चाकं, कुलपं, चेनी दुरुस्त करत. त्यांच्या आधी तिथेच वडील बसत. वडिलांचा १९५४ सालचा परवाना त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपला होता.

मग शहराच्या या भागाचा कायापालट करायचं ठरलं. सुरुवात स्टेशनपासून झाली, कारण ते तक्रार करत नव्हतं. दगड घासले गेले, दिवे लागले, वेटिंग रूमचं वारसा दालन झालं. दालनाच्या पद्मजा मॅडम परवाना पाहून हरखल्या. नियाजभाईंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. त्या भरात त्यांनी परवाना देऊन टाकला. झेरॉक्स तरी काढून ठेवायची, असं बायको सुगराबी घरी म्हणाली, तेव्हा ते नुसते हसले.

महिन्याभराने नोटीस लागली. कमानीखालच्या जुन्या लोकांना आत गाळे मिळणार होते. शुक्रवारपर्यंत मूळ परवाना स्टेशन कचेरीच्या खिडकीवर दाखवायचा होता.

खिडकीत शरच्चंद्र साहेब होते. उद्घाटनाला त्यांनीच त्या परवान्याचं कौतुक केलं होतं.

"साहेब, भिंतीपलीकडेच आहे. चला, दाखवतो."

"मी बघितलाय हो. पण कागद खिडकीवर यायला हवा. मी कागदाकडे जात नसतो."

पद्मजा मॅडमना मनापासून वाईट वाटलं. पण वस्तू काचेबाहेर काढायला समितीची मंजुरी लागे, आणि समिती दिवाळीनंतर बसणार होती. परवाना आमच्याकडे आहे, असं पत्र मात्र त्यांनी लगेच दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे तो तुमच्याकडे नाही, एवढंच यातून सिद्ध होतं, म्हणाले.

शुक्रवार गेला. नियाजभाईंना विश्रांतवाडीला पर्यायी जागा मिळाली. तिथे रेल्वे जात नाही, एवढं सोडलं तर जागा ऐसपैस होती.

शनिवारी ते सामान उचलायला आले आणि जाताना दालनात डोकावले. हत्यारांची पेटी रखवालदाराने दारातच ठेवून घेतली. परवान्याखाली पाटी होती : ‘येथे पूर्वी बॅगा दुरुस्त होत असत.’

मोडकी बॅग ओढत एक बाई आत आल्या. पाटी वाचून त्यांनी विचारलं, "काका, हे आता कुठे बसतात?"

"विश्रांतवाडीला."

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि बॅग ओढत प्लॅटफॉर्मकडे निघाल्या. चाक शाबूत होतं, नुसती खीळ निसटली होती. दोन मिनिटांचं काम. नव्या गुळगुळीत फरशीवर बॅगेची खरखर बराच वेळ ऐकू येत राहिली.