आबांचा सल्ला

सोमवारी आमच्या पॉवर टिलरचं इंजिन ओसरीवर उघडं पडलं आणि गुरुवारी आमची भातलावणी होती. मळवलीत बायका लावणीला पाळीपाळीने एकमेकींच्या शेतावर जातात. गुरुवार चुकला तर आमची पाळी थेट नऊ दिवसांनी, आणि रोपं तर आताच हाताबाहेर वाढलेली. टिलर नाही तर चिखलणी नाही आणि चिखलणी नाही तर लावणी नाही. हे मी सत्यमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तीनदा सांगितलं. तोंडावर मी ‘अहो’च म्हणते, पण सांगताना एकेरी येतं, त्याला माझा इलाज नाही.

टिलर धूर ओकत होता. मेकॅनिककडे न्यायचा की नाही? सत्यमने मोबाईलवरच्या ‘इंजिन आणि आपण’ या ग्रुपला विचारलं. त्यात दोनशे माणसं आहेत आणि गॅरेज एकाचंही नाही. सोमाटण्याचे कोंडाजी आबा सोडले तर त्यातल्या कुणाला सत्यमने डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. आबांचा शब्द मात्र अखेरचा. इंजिनाला नैवेद्य दाखवा असं आबा म्हणाले असते, तर यानं माझ्याकडून पुरणपोळी करून घेतली असती. आबांनी लिहिलं, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात. बिनधास्त उघड.’ त्यानंतर आबा जे गप्प झाले ते गप्पच.

सत्यमचे हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून मोबाईल माझ्याकडे. मी प्रश्न लिहायची, उत्तरं मोठ्याने वाचायची. तळेगावचे मोईनभाई म्हणाले, रिंगांना तेल लावा. दुसरा म्हणाला, थेंबभरही लावू नका. तिसऱ्याने बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं, आकसलं की सहज बसतं म्हणे. मग ते माझ्या मटारांशेजारी मुक्कामाला आलं. मी एकच गोष्ट न विचारता केली. प्रत्येक भाग काढताना आणि बसवताना फोटो काढला.

बुधवारी दुपारी इंजिन जोडून झालं. सत्यमने हँडल फिरवलं. इंजिन फुसफुसलं आणि गप्प. तो बनियन भिजेपर्यंत फिरवत राहिला. ग्रुपवर सल्ल्यांची झड लागली. डिझेलमधली हवा काढा, नोझल बदला, बॅटरी बघा. आमच्या टिलरला बॅटरीच नाही.

मी फोटो उघडले. काढतानाच्या फोटोत टायमिंगच्या दोन दातेरी चाकांवरचे ठिपके समोरासमोर होते. बसवतानाच्या फोटोत एक ठिपका दातभर पुढे.

"अहो, ह्ये चाक एक दात पुढं बसलंय."

"तू वाचायचं काम कर. इंजिनात डोकं घालू नगंस."

माझं टाळकंच सरकलं. मोबाईल डिझेलच्या डब्यात बुडवावासा वाटला. पण समोर रोपं दिसत होती. मी घसा खाकरला.

"कोंडाजी आबांचा मेसेज आलाय."

सत्यम चक्क उठून उभा राहिला. "काय म्हणतात आबा?"

"म्हणतात, टायमिंगचं झाकण काड. ठिपकं जुळलं न्हाईत. बायकूनं फोटो काडला आसंल तर त्यो बघ."

"बघ! याला म्हणत्यात अनुभव!"

दीड तासाने दुसऱ्याच हँडलला इंजिन धडधडायला लागलं. मला खरंच रडू आलं. सत्यमला वाटलं, धुरामुळे.

गुरुवारी सकाळी चिखलणी झाली, बायका वाफ्यात रांगेने उतरल्या आणि सत्यम शेजारच्या वाफ्यात टिलर फिरवू लागला. अकराच्या सुमारास सोमाटण्याहून कोंडाजी आबा स्वतः आले. सत्यम टिलर सोडून धावला आणि चिखलाच्या हातांनीच त्यांच्या पाया पडला.

"आबा, तुमी ठिपक्यांचं सांगितलं म्हनून वाचलो!"

"कसलं ठिपकं?" आबा म्हणाले. "माजा मोबाईल सोमवारीच पान्यात पडला. तवापास्नं तांदळाच्या डब्यात हाय. तुज्या इंजिनाचं काय झालं, त्येच बघाया आलो."

बायकांचे हात थांबले. सत्यमने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून रोपं खोचत राहिले. कान तापले होते, पण आतून इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही.

सत्यम वळला. टिलरकडे गेला, दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्याजवळच्या बांधाला येऊन थांबला.

"चैताली, क्लचची तार सैल लागतीया." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काय म्हणतात आबा?"

"आबा म्हणतात, आदी समद्यांना चहा आना. तारंचं मग बघू."

सत्यम निमूटपणे किटली आणायला घराकडे निघाला.